बिअर्डीचं पिल्लू खात नाही: कशावर पैसे घालावेत, कशावर नाही

बिअर्डेड ड्रॅगन, लाडाने बिअर्डी, या पाळीव सरड्याचं दीड-दोन महिन्यांचं पिल्लू घरी येतं, पहिल्या संध्याकाळी एखादा किडा गट्ट करतं आणि दुसऱ्या दिवसापासून तोंड फिरवतं. मग मंडळी दुकानात जातात ती थेट खाण्याच्या फळीकडे. भूक वाढवणारे थेंब, फळांच्या वासाच्या गोळ्या, वाळवलेल्या अळ्यांची बरणी, काहीतरी रंगीत जेली. यातलं बहुतेक सगळं वाया जातं, कारण दोष बहुधा वाडग्यात नसून छताला टांगलेला असतो. दिवा कमी पडतोय किंवा बसायचा दगड पुरेसा तापत नाहीये. म्हणून हे परीक्षण दिव्यापासून सुरू होतं आणि खाण्याच्या डब्यांची पाळी नंतर येते. वस्तू इंग्लंड-अमेरिकेत सहज मिळणाऱ्या आहेत. तिकडच्या मराठी घरांत मुलांच्या हट्टापायी हा सरडा बराच शिरलाय, आणि त्या घरांची एक खास अडचण आहे, ती पुढे येईलच.

आधी एक हिशेब. जागा बदलल्यावर पिल्लू तीन ते सात दिवस कमी खातं, हे गृहीतच धरा. या काळात हाताळणं बंद, पिंजऱ्याच्या तीन बाजूंना बाहेरून कागद, समोर घोळका नको. कात टाकतानाही दोन-चार दिवस भूक मंदावते. हे सगळं वजनावर तोलायचं असतं, म्हणून खरेदीची पहिली वस्तू ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा, सोनारकामाचा म्हणून मिळतो तो. स्वयंपाकघरातला १ ग्रॅमचा काटा इथे कुचकामी आहे. १५ ग्रॅमच्या पिल्लाचं दीड ग्रॅम वजन उतरलं तर ते दहा टक्के झाले, आणि दहा टक्के म्हणजे डॉक्टरकडे जायची वेळ. दिवस मोजत बसू नका, ग्रॅम मोजा. वजन सकाळी, खाण्याआधी, दर दोन-तीन दिवसांनी, लहान डब्यात ठेवून घ्यावं. शी कधी झाली तेही शेजारी लिहावं, नाहीतर पोट रिकामं झाल्याने उतरलेला काटा उगाच घाबरवतो.

सगळं एकाच खोक्यात मिळणारे संच

नवख्यासाठी विकले जाणारे हे संच दिसायला भरगच्च आणि कामाला तोकडे. ६० सेंमीची काचपेटी, वर जाळीचं झाकण, यूव्हीबीचा (उन्हातल्या अतिनील प्रकाशाचा, जो हाडांसाठी लागतो) पिळाचा बल्ब, रात्रीसाठी लाल बल्ब, काचेला चिकटवायची गोल तापमापी आणि कॅल्शियमची म्हणून रंगीत वाळू. पिळाचा बल्ब कमजोर झोत टाकतो तोही एका छोट्या वर्तुळात, आणि जाळीतून त्यातला एक तृतीयांशाच्या आसपास भाग वाटेतच जातो. लाल बल्ब पिल्लाला दिसतो आणि झोप मोडतो. खोली रात्री १८ अंशांखाली जात नसेल तर रात्री दिवाच नको. जात असेल तर उजेड न देणारा सिरॅमिक हीटर लावा. गोल तापमापी काचेजवळच्या हवेचं तापमान सांगते, पिल्लू मात्र दगडावर बसतं. वाळू तर सरळ फेकून द्या. किड्यामागे झेप घेताना ती तोंडात जाते आणि लहान आतड्यात अडकते. पिल्लाला किचन पेपर किंवा खडबडीत फरशी बरी, शी कशी झाली तेही लगेच दिसतं. संचातलं वापरण्याजोगं काय उरतं? पेटी. आणि तीही सुरुवातीच्या काही महिन्यांपुरती, कारण पूर्ण वाढलेल्या जनावराला १२० बाय ६० सेंमीची जागा लागते. काचेत स्वतःचं प्रतिबिंब दिसून काही पिल्लं ताणाने दिवसभर गळ्याखालची दाढी काळी करून बसतात, त्यांच्यासाठी तीन बाजूंचा कागद काढूच नये.

आर्केडिया प्रोटी५, १२ टक्के

या यादीतली सर्वांत मोलाची खरेदी हीच. खोक्यात टी५ (बारीक व्यासाची) यूव्हीबी नळी, परावर्तक पत्रा आणि नळी चालवणारा कंट्रोलर असतो. वेगळा फिटिंगवाला शोधावा लागत नाही. २४ वॅटची नळी साधारण ५५ सेंमी, ३९ वॅटची ८५ आणि ५४ वॅटची ११५ सेंमी लांब. नळी पिंजऱ्याच्या निम्म्यापासून दोन तृतीयांशापर्यंत पसरलेली असावी, म्हणून ९० सेंमीच्या पिंजऱ्याला २४ वॅट आणि १२० सेंमीच्याला ३९ वॅट. सबंध लांबीभर नळी लावू नका, पिल्लाला सावलीत सरकायला जागा हवी.

खोक्यावरच्या १२ टक्क्यांचा अर्थ लोक उलटा लावतात. तो नळीच्या प्रकाशातला यूव्हीबीचा वाटा झाला. पिल्लाच्या पाठीवर किती पडतं ते अंतर ठरवतं. मध्ये जाळी नसेल तर नळी ते पाठ ३० ते ३८ सेंमी. जाळीतून येत असेल तर २५ ते ३०. पिंजरा फ्रंट-ओपनिंग लाकडी असेल तर नळी आत, छताला मागच्या बाजूने बसवा. काच मध्ये आली तर यूव्हीबी जवळजवळ संपतोच, त्यामुळे ‘खिडकीतून ऊन येतं ना’ हे समाधान फसवं आहे. परावर्तक काढून ठेवलात तर अर्धा पैसा छताला उजळण्यात गेला.

बसवताना होणारी चूक मात्र वेगळीच आहे. नळी बाजूने, डोळ्यांच्या पातळीवर लावली, की भुवईच्या कडेची सावली डोळ्यांवर पडत नाही. ही कडा वरून येणाऱ्या उन्हासाठी घडलेली आहे. बाजूने किंवा फार जवळून प्रकाश आला तर डोळे सुजतात, पिल्लू डोळे मिटून बसतं आणि खाणं बंद होतं. मालक समजतो झोपाळू आहे. डोळे मिटलेलं पिल्लू दिव्यापासून दूर सरकल्यावर डोळे उघडत असेल तर आधी अंतर मोजा.

नळी दर बारा महिन्यांनी बदला. ती दिसायला तशीच पांढरी पेटत राहते, आपल्याला काहीच कळत नाही. लावल्याची तारीख मार्करने टोकावर लिहून ठेवली की काम झालं. अमेरिकेत आर्केडिया न मिळाल्यास झू मेडची रेप्टीसन १०.० टी५ एचओ घ्या, परावर्तक असलेल्या फिटिंगमध्ये. जवळपास त्याच तोडीची आहे, अंतर मात्र थोडं जवळ ठेवावं लागतं. जुन्या टी८ नळ्या स्वस्त पडतात पण त्या लवकर उतरतात आणि इतक्या अंतरावरून पोचत नाहीत. नको.

खात्री करून घ्यायचीच असेल तर सोलरमीटर ६.५. हे यंत्र यूव्ही निर्देशांक थेट दाखवतं, आणि पाठीच्या उंचीवर ४ ते ६ आकडा हवा. किंमत नळीच्या कितीतरी पट, म्हणून एका पिल्लासाठी विकत घेणं परवडत नाही. सरीसृप पाळणाऱ्यांच्या क्लबमध्ये कोणाकडे तरी असतं, तासाभरासाठी मागा. रंग बदलणारी यूव्ही कार्डं मात्र घेऊ नका, यूव्हीए, म्हणजे अतिनीलचा दुसराच प्रकार, पडला तरी ती रंगतात.

उष्णता

बिअर्डेड ड्रॅगन, शास्त्रीय नाव पोगोना विटिसेप्स, हा ऑस्ट्रेलियाच्या आतल्या कोरड्या भागातला, कुंपणाच्या खांबावर चढून ऊन खाणारा सरडा. पोटातलं अन्न पचायला त्याला बाहेरची धग लागते. पिल्लाच्या बसायच्या जागेचा पृष्ठभाग ४० ते ४३ अंश सेल्सिअस हवा. थंड बाजूची हवा २४ ते २८. दगड ३४ अंशांवर असेल तर पिल्लू बसतं, पाहतं, फिरतंही, पण भूक लागत नाही, आणि जबरदस्तीने भरवलंच तर ते पोटात पडून राहतं, कधी कधी उलटून पडतं.

यासाठी साधा हॅलोजन फ्लड बल्ब घ्या, ५० ते ७५ वॅटचा. नावाजलेल्या कंपनीचा असला म्हणजे झालं, ‘सरीसृपांसाठी’ असं छापलेलं असायलाच हवं असं नाही. पांढराच हवा. लाल, निळे, ‘मूनलाइट’ वगैरे प्रकार सोडून द्या.

इंग्लंडात हॅलोजनला डिमिंग (दिवा हवा तसा मंद करणारा) थर्मोस्टॅट जोडायची पद्धत आहे आणि ती चांगली आहे. हॅबिस्टॅट आणि मायक्रोक्लायमेट ही दोन्ही नावं भरवशाची. चालू-बंद होणारा साधा थर्मोस्टॅट दिव्याला लावू नये, दर काही मिनिटांनी दिवा विझतो, पेटतो आणि पिल्लू बिथरतं. डिमिंगमध्ये एक खाच आहे. बल्ब गरजेपेक्षा मोठा घेतला तर थर्मोस्टॅट त्याला सदैव मंद ठेवतो. मग उष्णता मिळते पण उजेड पिवळट, संध्याकाळसारखा. पिल्लू त्या उजेडात सुस्त असतं. बल्ब इतकाच घ्या की तो जवळपास पूर्ण ताकदीवर चालून दगड ४१-४२ अंशांवर येईल. थर्मोस्टॅटचं प्रोब (तापमान घेणारं वायरचं टोक) दगडाच्या कडेला पक्कं बांधा. लोंबतं सोडलंत तर पिल्लू त्यावर चढतं, प्रोब बाजूला सरकतं आणि दगड ५५ अंशांवर जातो.

आणि आता तापमान मोजणाऱ्या गनबद्दल. इन्फ्रारेड तापमापी, दुकानात दहा-वीस पौंडांत मिळणारी, ही सगळ्या यादीतली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी वस्तू. दिवा पेटून तासभर झाल्यावर दगडावर रोखा, मग पिल्लाच्या पाठीवर. १२:१ गुणोत्तराची गन ३० सेंमीवरून सुमारे अडीच सेंमीचा ठिपका मोजते, म्हणून जवळ जाऊन मोजा. दोन मीटरवरून दगड, भिंत आणि पिल्लू यांची सरासरी मिळते. चकचकीत धातूवर आकडा खोटा येतो, पाटीच्या दगडावर किंवा लाकडावर बरोबर येतो. हवेचं तापमान या गनने मोजता येत नाही, थंड बाजूला वायरवालं डिजिटल प्रोब वेगळं लागतं. एवढं मोजल्यावर अनेकांना कळतं की दगड सात-आठ अंश कमी आहे. तिथेच प्रश्न सुटतो. बल्ब एक आकडा मोठा घ्या किंवा दगडाखाली वीट घालून तो वर उचला. मात्र वीट घातली की यूव्ही नळीचंही अंतर कमी होतं, ते परत मोजा.

दिवे १२ ते १४ तास. पहिलं खाणं दिवे लागल्यावर एक-दोन तासांनी, शेवटचं दिवे जायच्या किमान दोन तास आधी.

पिल्लू काय करतंय ते बघा

वस्तूंकडे परत जाण्यापूर्वी दोन मिनिटं पिंजऱ्यासमोर. गरम झालेल्या पिल्लासमोर एक छोटा किडा चालता करा. निरोगी पिल्लू आधी मान तिरपी करून एका डोळ्याने किड्याचा माग घेतं, मग अंग पुढे झुकतं, तोंड किंचित उघडून जाड गुलाबी जिभेचं टोक बाहेर येतं, क्षणभर सगळं थांबतं आणि झडप. यातली कोणती पायरी गळते ते पाहिलं तर निम्मं निदान होतं.

मान वळते, डोळा फिरतो, पण जीभ बाहेर येत नाही: थंड आहे किंवा बिचकलेलं आहे. डोळाच फिरत नाही: आजारी असू शकतं, डोळ्यावर कात किंवा कॅल्शियमची पूड चिकटली असू शकते. जीभ बाहेर, झडपही, पण नेम वारंवार चुकतो: डोळे तपासा, आणि मान वर आकाशाकडे वळत असेल, अंग डुलत असेल तर अ‍ॅडेनोव्हायरसची शंका घ्या. पकडतं, चावतं आणि सोडून देतं: जबडा मऊ पडलाय का पाहा. कॅल्शियम आणि यूव्हीबीच्या अभावाने हाडं मऊ होतात, खालचा जबडा बोटाला रबरासारखा लागतो, पायाची बोटं थरथरतात. अशा पिल्लाला भूक असते, चावता येत नाही. इथे कोणताही डबा कामाचा नाही, एक्स-रे काढा.

दोन पिल्लं एकत्र ठेवली असतील तर आजच वेगळी करा. एक दगडावर बसतं, दुसरं हात हलवत कोपऱ्यात उपाशी राहतं, पुढे बोटं आणि शेपटीची टोकं कुरतडली जातात. दुकानदार ‘सोबत बरी असते’ म्हणून जोडी विकतात. त्यांना काय, जोडी विकली.

किडे, आणि शाकाहारी घरं

आता ती अडचण. अंडंही न येणाऱ्या घरात पिल्लाला फक्त पालेभाजीवर वाढवायचा प्रयत्न होतो. मोठा बिअर्डी बराचसा पाल्यावर राहतो, हे खरं. पण पहिल्या वर्षात त्याच्या आहाराचा साधारण ८० टक्के भाग किडे असतात आणि त्याला दुसरा पर्याय नाही. पनीर, दही, भिजवलेले हरभरे, भात, यातलं काहीही चालत नाही. घराला श्रावण असला तरी पिल्लाला नसतो. घरात किडे नकोतच असतील तर बिअर्डी आणू नये, एवढं साधं आहे.

किड्याचा आकार पिल्लाच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नको. दिवसातून दोन-तीनदा, दर वेळी दहा-पंधरा मिनिटांत खाईल तेवढे. पाच-सहा किडे एकदम सोडा, संपले की पुढचे. वीस-तीस क्रिकेट (रातकिडे) एकदम ओतले की न खाणारं पिल्लू भेदरून डोळे मिटतं. उरलेले क्रिकेट रात्री पिल्लाच्या पापण्या आणि बोटं चावतात, म्हणून वेचून बाहेर काढा.

ब्लॅक सोल्जर माशीच्या अळ्या (इंग्लंडात कॅल्सीवर्म म्हणून, अमेरिकेत निरनिराळ्या व्यापारी नावांनी) हट्टी पिल्लासाठी पहिली पसंती. सतत वळवळतात, उडी मारत नाहीत, कडांना गुळगुळीत असलेल्या बुटक्या झाकणात घालता येतात. त्यांच्यात मुळातच फॉस्फरसपेक्षा कॅल्शियम जास्त असतं, वर पूड लागत नाही. उणीव एवढीच की साल चिवट असते आणि न चावता गिळलेल्या अळ्या जशाच्या तशा बाहेर पडतात. शीत अख्ख्या अळ्या दिसल्या तर पोषण मिळालं असं धरू नका. डबा १० ते १५ अंशांवर ठेवा. उबेत काळ्या पडून कोष होतात, फ्रीजच्या मागच्या गारठ्यात मरतात. थंड कपाट बरं.

टोळ इंग्लंडात सर्वत्र मिळतात, अमेरिकेत मिळत नाहीत. लहान टोळ काडीवर चढून बसतो आणि पिल्लाच्या डोळ्यांच्या पातळीवर हलतो, म्हणून जमिनीवरचे क्रिकेट न पाहणारी पिल्लं टोळ पकडतात. वास नाही, किरकिर नाही, फ्लॅटमध्ये सोयीचे. महाग आहेत. डब्यात दाटीमुळे पटापट मरतात, आणल्या दिवशी मोठ्या हवेशीर डब्यात हलवा.

क्रिकेट स्वस्त, आणि झडप घालायला लावण्यात तेच उत्तम. फक्त दुकानातून आलेला क्रिकेट बहुधा उपाशी असतो, पोटात काही नाही, म्हणजे पिल्लाच्याही पोटात काही जात नाही. चोवीस तास गाजर, रताळं, मोहरीचा पाला खायला घाला आणि मग द्या. सोडण्याआधी डबा पाच मिनिटं फ्रीजमध्ये ठेवला की क्रिकेट मंदावतात आणि अशक्त पिल्लालाही सापडतात. ड्युबिया झुरळं पौष्टिक आहेत, पण ती वाडग्यात निपचित पडतात आणि न हलणारं खाणं पिल्लाला दिसत नाही. चिमट्याने हलवून द्यावी लागतात. रेशीमकिडा मऊ, पाणीदार, पचायला हलका. आजारातून उठणाऱ्या पिल्लाला तो फार मानवतो, मिळाला तर जरूर घ्या.

मीलवर्म या अळ्या पिल्लाला नकोत, पाठीचं कवच कठीण. वॅक्सवर्म ही अळी तर मिठाई आहे. भूक उघडायला एक-दोन चालतील, रोज दिले की पिल्लू बाकी सगळं नाकारतं. अमेरिकेतल्या घरांना एक इशारा: जून-जुलैत अंगणात काजवे येतात आणि मुलं ते पकडून कौतुकाने पिल्लाला देतात. काजव्यात हृदयावर घात करणारं विष असतं. एक काजवा बिअर्डीचा जीव घ्यायला पुरेसा आहे. अंगणातला कोणताच किडा देऊ नका.

पाला सकाळी बारीक चिरून ठेवत जा, खाल्ला नाही तरी. मोहरीचा, शेवग्याचा, सलगमचा पाला, कोलार्ड, डँडेलियन, जास्वंदीचं फूल, किसलेला लाल भोपळा. पालक रोज नको, त्यातलं ऑक्झालेट कॅल्शियम अडवतं. अ‍ॅव्होकॅडो आणि ऱ्हुबार्ब कधीच नाही. पाल्यावर दोन-तीन अळ्या सोडल्या की अळीसोबत पानही तोंडात जातं. एवढी एक युक्ती सगळ्या ‘फळवास’ गोळ्यांपेक्षा सरस आहे.

पूड

पूड कमी पडल्याने पिल्लं आजारी पडतात आणि जास्त झाल्याने उपाशी राहतात. पांढरा फटक झालेला क्रिकेट पिल्लू एकदा चाखतं आणि पुढचे चार बघतही नाही. पिशवीत किडे घाला, चिमूटभर पूड टाका, हलवा, चाळणीवर झटका. किड्याचा मूळ रंग दिसला पाहिजे.

रिपॅशी कॅल्शियम प्लस ही कॅल्शियम, डी३ जीवनसत्त्व आणि इतर जीवनसत्त्वं एकत्र असलेली, दर खाण्याला वापरायची पूड. दळण बारीक आहे, नीट चिकटते, वेळापत्रक लक्षात ठेवायची गरज नाही. विसरभोळ्यांनी हीच घ्यावी. इंग्लंडातलं न्यूट्रोबाल जुनं आणि चांगलं, पण त्यात डी३ भरपूर आहे. ते आठवड्यातून एक-दोनदा आणि इतर दिवशी साधं डी३ नसलेलं कॅल्शियम. कॅल्शियम प्लस आणि न्यूट्रोबाल दोन्ही एकाच वेळी नको, डी३ जास्त झालं तरी भूक जाते. डबा उघडल्यावर सहा महिन्यांनी नवा आणा, जीवनसत्त्वं टिकत नाहीत.

जेल, वाळवलेलं आणि थेंब

रिपॅशी बिअर्डी बफे ही उकळत्या पाण्यात कालवून, थंड करून जेलीसारखी कापायची पूड. साधारण एक भाग पूड, तीन भाग पाणी. पूड पाण्यात घालून झटपट फेटा, नाहीतर गुठळ्या होतात. मोठ्या जनावराला पाल्यासोबत छान आहे. न खाणाऱ्या पिल्लाला मात्र त्याचा फारसा उपयोग नाही, कारण ते हलत नाही. नाकाच्या टोकाला टिकलीएवढं लावलं तर चाटतं, तेवढ्यापुरतं ठीक. वाळवलेल्या अळ्यांचंही तेच, शिवाय त्यांच्यात पाणी नाही आणि न खाणारं पिल्लू आधीच सुकलेलं असतं. भूक वाढवणाऱ्या थेंबांत बहुधा साखर आणि जीवनसत्त्वं असतात. घेऊ नका.

पाण्यासाठी वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही. ३० ते ३२ अंशांचं कोमट पाणी, पिल्लाच्या खांद्याखाली राहील इतकंच, दहा-पंधरा मिनिटं, समोर बसून. नाकपुडीच्या टोकावर पाण्याचा थेंब सोडला की बहुतेक पिल्लं चाटायला लागतात. डोळे खोल गेलेले, त्वचेची घडी तशीच राहणारी पिल्लं आधी पाण्यावर आणायची, मग खाण्यावर.

सिरिंजने भरवायचं असेल तर

ऑक्सबो कार्निव्होर केअर आणि इमरेडचा ऑम्निव्होर प्रकार ही दोन्ही आजारी जनावरांसाठी बनवलेली, उत्तम पावडर खाणी आहेत. दोन्हींचा दर्जा वादातीत. वापरणाऱ्याचा वेळ मात्र बहुधा चुकतो. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय, आणि पिल्लू गरम व पाणी प्यायलेलं असल्याशिवाय, हे उघडू नये. खूप दिवस उपाशी असलेल्या शरीरात एकदम पूर्ण खाणं गेलं तर रक्तातले क्षार ढासळतात आणि पिल्लू खाऊन मरतं. सुरुवातीचे दोन-तीन दिवस गरजेच्या निम्म्यानेच.

प्रमाण दर वेळी वजनाच्या १ ते २ टक्के, म्हणजे १५ ग्रॅमच्या पिल्लाला ०.१५ ते ०.३ मिली. एवढं मोजायला १ मिलीची, सुई काढलेली सिरिंज लागते. पाकिटासोबतची मोठी सिरिंज एका दाबात श्वासनलिकेत ओतते. जबडा ओढून उघडू नका. ओठाच्या कडेला थेंब लावा, जीभ बाहेर आली की पुढचा थेंब जिभेवर. श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मागेच असतं. तोंडात बुडबुडे दिसले की थांबा, डोकं किंचित खाली करा. भरवल्यावर तासभर दिव्याखाली, हातात घेऊन कौतुक नको. कार्निव्होर केअर बारीक सिरिंजमधून नीट उतरायला पाकिटावर लिहिल्यापेक्षा थोडं पातळ करावं लागतं आणि कालवल्यावर पाच मिनिटांत परत घट्ट होतं, एवढीच त्याची तक्रार. इमरेड जास्त सरळ वाहतं.

विष्ठेची तपासणी

दिवा, दगड, एकांत, योग्य किडे, सगळं बरोबर असूनही पाच-सहा दिवसांत भूक परतली नाही, तर पैसे इथे घाला. पिल्लांमध्ये कॉक्सिडिया हा परजीवी फार आढळतो, आयसोस्पोरा अ‍ॅम्फिबोलुरी नावाचा. पिनवर्म नावाचे बारीक जंतही असतात. थोडे पिनवर्म बहुतेकांच्या पोटात असतात आणि सगळ्यांना औषध लागत नाही. खाणं कमी, शी पातळ आणि भलतीच घाणेरड्या वासाची, वजन थांबलेलं, हे एकत्र आलं की नमुना द्यायचाच. इंग्लंडात पोस्टाने नमुना पाठवून अहवाल मागवायची सोय आहे आणि ती सरीसृप-डॉक्टरच्या पहिल्या भेटीपेक्षा स्वस्त पडते. पण औषधाची मात्रा डॉक्टरच ठरवणार. टोलट्राझुरिल किंवा पोनाझुरिलची मात्रा वजनाच्या दशांश ग्रॅमवर ठरते, इंटरनेटवरून घेऊन देण्याजोगी ती नाही. अ‍ॅडेनोव्हायरससाठी गुदद्वारातून घेतलेल्या स्वॅबची पीसीआर चाचणी वेगळी मागावी लागते, नेहमीच्या विष्ठा तपासणीत तो दिसत नाही, आणि त्यावर इलाज नाही.

डॉक्टर निवडताना कुत्र्या-मांजरांचा नेहमीचा दवाखाना पुरत नाही. असोसिएशन ऑफ रेप्टिलियन अँड अ‍ॅम्फिबियन व्हेटरिनेरियन्स या संस्थेच्या सदस्य-यादीत आपल्या गावाजवळचं नाव शोधा. जाताना ताजी शी, चोवीस तासांच्या आतली, झाकण घट्ट असलेल्या डबीत घालून फ्रीजमध्ये ठेवलेली, न गोठवता न्या. सोबत वजनाची वही, दगडाचं आणि थंड बाजूचं मोजलेलं तापमान, यूव्ही नळीचं नाव, वॅट, तारीख आणि अंतर, आणि पिंजऱ्याचा एक फोटो. पिल्लाचा डबा गाडीत कापडात गुंडाळलेल्या कोमट पाण्याच्या बाटलीशेजारी ठेवा, हिवाळ्यात लंडनच्या बसमध्ये तर नक्कीच.